रीगाचा चेंडू, भातसेचा भोपळा

मी चेंडू आहे, हे आधीच सांगून टाकतो, कारण आज मला बघून कुणी तसं म्हणणार नाही. कुणी वाळका भोपळा म्हणतं, कुणी फाटकी पखाल. म्हणोत बापडे. पण मी असातसा चेंडू नव्हे. युरोपातल्या देशादेशांच्या संघांची बास्केटबॉलची जी अजिंक्यपद स्पर्धा भरायची, तिथल्या लोखंडी कड्यातून मी खाली पडलेलो आहे. आता खरं सांगायचं तर ते सरावात. सामन्याच्या वेळी मी राखीव म्हणून कडेला असायचो. पण कड्यातून पडलोय, हे खोटं नाही.

माझा जन्म इटलीतल्या मिलान शहरातला, १९३६ सालचा. कमावलेल्या कातड्याच्या पाकळ्या कापून एका बाईनं मला शिवलं. ती शिवता शिवता मुकादमाच्या नावानं बोटं मोडायची. माझा कुरकुरा स्वभाव तिच्याकडूनच आला असावा. माझ्या पोटात रबराची पिशवी आहे आणि तिला लांब नळी. नळीतून हवा भरायची, नळी मुडपून दोऱ्यानं बांधायची, आत सारायची आणि वरून कातडी वादीनं मला आवळून टाकायचं. बाहेरचं कातडं ही नुसती काया. माझा जीव त्या रबराच्या पिशवीत.

इटलीच्या संघाबरोबर ब्रूनो नावाचा एक माणूस असायचा. तो खेळाडू नव्हता. सामान उचलायचं, खेळाडूंच्या पोटऱ्या चोळायच्या आणि चेंडूंत हवा भरायची, ही त्याची कामं. रात्रंदिवस राबूनही फोटोत कधी दिसायचा नाही. मला मात्र तो आठवड्याला चरबी चोळायचा आणि चोळताना बडबडत राहायचा. स्पर्धेचा इतिहास मी त्याच्याच तोंडून ऐकला.

पहिली स्पर्धा १९३५ साली स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हात झाली. दहा देश आले होते. जिंकलं कोण, तर लाटव्हिया! समुद्रकाठचा एवढासा देश, पण मोठमोठ्यांना त्यानं पाणी पाजलं. मग पुढची स्पर्धा विजेत्याच्या घरी ठरली, म्हणून १९३७ साली आम्ही लाटव्हियाच्या रीगा शहरात गेलो. तिथे आमचा संघ थेट अंतिम सामन्यापर्यंत पोचला. समोर लिथुआनिया, लाटव्हियाचा शेजारी, तोही तेवढाच लहान. चोवीस विरुद्ध तेवीस. एका गुणानं हरलो. खेळाडू एकमेकांच्या गळ्यात पडून रडले. ब्रूनो चेंडू गोळा करता करता एकटाच रडला, त्याच्या गळ्यात पडायला कुणी नव्हतं.

१९३९ साली लिथुआनियानं आपल्या कौनास शहरात स्पर्धा भरवली. तिच्यासाठी त्यांनी खास नवं, छपराचं मैदान बांधलं होतं. हौसेला मोल नसतं म्हणतात, ते तिथे पाहिलं. त्याही वर्षी तेच जिंकले. तिथे एकदा सराव झाल्यावर कुणीतरी मला ओल्या कपड्यांबरोबर गरम पाण्याच्या टाकीवर वाळत ठेवलं. ब्रूनो धावत आला, मला छातीशी धरलं आणि त्या माणसाला इतकं बोलला, की काही विचारू नका. तो म्हणाला, कातड्याला ऊब चालते, रबराला नाही. बाहेरून काही कळत नाही आणि आतून चेंडू मरत जातो.

पुढची स्पर्धा १९४१ साली व्हायची होती. त्याआधीच लढाई पेटली. लाटव्हिया गेला, लिथुआनिया गेला. दोन्ही विजेत्या देशांना मोठ्या शेजाऱ्यानं गिळून टाकलं. ज्यांच्या नावानं लोक टाळ्या पिटत होते, त्यांचा झेंडासुद्धा उरला नाही. ब्रूनोला पलटणीत भरती करून आफ्रिकेच्या वाळवंटात पाठवलं. त्यानं माझी हवा काढली, घडी घातली आणि मला झोळीत कोंबलं. बंदूक चालवणं त्याला कधी जमलं नाही. थोड्याच दिवसांत हजारो लोकांबरोबर तोही इंग्रजांच्या कैदेत पडला. कैद्यांना बोटीनं मुंबईला आणलं आणि तिथून आगगाडीनं वर कुठल्याशा छावणीकडे चालवलं.

तो १९४१ चा मे महिना होता. लढाई नसती, तर याच सुमाराला नव्या स्पर्धेची तयारी चालली असती. आणि मी कुठे होतो? कसारा स्टेशनात, कैद्यांच्या डब्यात, तापानं फणफणलेल्या ब्रूनोच्या मांडीवर. घाट चढायला गाडीला मागून आणखी इंजिनं जोडतात, म्हणून गाडी तिथे थांबते. उन्हानं डब्याचा पत्रा तापला होता. फलाटावर बाया पानांच्या द्रोणांत करवंदं घेऊन उभ्या होत्या. कैद्यांना काही विकायला मनाई होती. त्यातल्या एकीनं ब्रूनोचे फुटलेले ओठ पाहिले. तिनं स्वतःसाठी आणलेला पाण्याचा तांब्या उचलला आणि गजांतून आत धरला. पहारेकरी ओरडला. तिनं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"पी रे बाबा," ती म्हणाली. "तू पन कोनाचा तरी लेकच ना!"

ती ठकी. ब्रूनो सगळं पाणी प्याला. तिला द्यायला त्याच्याकडे माझ्याशिवाय काही नव्हतं. त्यानं मला गजांतून बाहेर काढलं. चपटं कातडं बघून ठकीला वाटलं, ही पाण्याची पखाल. तो मान हलवून नाही नाही म्हणाला, नळी ओढून तोंडात धरली आणि फुंकू लागला. तापलेल्या छातीत दम कुठला? तरी मी अर्धामुर्धा फुगलो. कशी फुंकायची, कशी बांधायची, एवढं त्यानं दाखवलं. तेवढ्यात गाडी हलली. मला कसं जपायचं, हे सांगायला त्याच्याकडे ना वेळ होता, ना तिची भाषा. तो हातवारे करत राहिला आणि ठकी त्याला हात हलवत राहिली. पुन्हा मी त्याला पाहिलं नाही.

ठकीची वाडी उंबरमाळी गावापासून आत, भातसा नदीच्या पलीकडे डोंगराच्या कुशीत. घरात ठकी, तिचा नवरा लखमा आणि सासरा कमळूबाबा. लखमानं मला पुरतं फुगवलं, वर उडवलं, झेललं, आणि त्याच्या चेहऱ्यावर असं हसू आलं की मला रीगाची आठवण झाली. कोंबड्या झाकायचं बांबूचं डालगं त्यानं वळचणीला उलटं टांगलं आणि मला त्यात फेकू लागला. वाडीतले बाप्येही जमले. कुणी त्यांना खेळ शिकवला नव्हता. टोपली दिसली आणि चेंडू हातात आला, एवढं त्यांना पुरलं. ठकी दारात उभी राहून पोट धरधरून हसत होती. परदेशात आल्याचं माझं दुःख त्या संध्याकाळी जरा हलकं झालं.

पण वाडीला खेळापेक्षा माझा दुसराच उपयोग होता, आणि तो कमळूबाबाच्या ध्यानात आला. त्यानं मला मडक्यासारखं वाजवून बघितलं आणि म्हणाला, "लखम्या, ह्यो तर भोपळ्याहून हलका. नदीला चालंल ह्यो."

त्याचं असं होतं. पावसाळ्यात भातसा फुगली की वाडीचा जगाशी संबंध तुटायचा. मीठ, रॉकेल, तापाची गोळी, सुईण, सगळं नदीच्या पल्याड. तेव्हा वाडीची माणसं वाळका भोपळा छातीखाली बांधून नदी उतरायची. पोहण्यात लखमाचा हात कुणी धरत नसे, म्हणून माणसांना आणायचं-पोचवायचं काम त्याचंच. त्या पावसाळ्यात त्यानं मला दोरीच्या जाळीत घातलं आणि पाण्यात उतरवलं. मी बुडतो कसला! आजारी म्हातारे, बाळंतिणी, मिठाची गाठोडी, सगळ्यांना मी पार नेलं. सरावातही कड्यातून पडलो की लोक टाळ्या वाजवायचे. इथे माणूस काठाला लागला की माझ्या अंगावरून हात फिरवायचा. मला हे दुसरंच जास्त आवडू लागलं, हे मी प्रामाणिकपणे सांगतो.

पाऊस संपला, दिवाळी झाली. लखमा आणि ठकी मुरबाडकडच्या रानात कोळशाच्या भट्ट्यांवर कामाला गेले. लढाईमुळे पेट्रोल मिळेना, म्हणून मुरबाड-कल्याणची मोटारसुद्धा कोळशाच्या शेगडीतल्या वायूवर चालायची, त्यामुळे कोळशाला मागणी होती. ती दोघं पार जेठापर्यंत तिकडेच राहायची. घर सांभाळायला एकटा कमळूबाबा. त्यानं काय करावं? आजवर दर वर्षी नदीचे भोपळे जपले होते, तसंच मलाही जपलं. चुलीच्या बरोबर वर, धुरात टांगलं.

त्याचं काही चुकलं नव्हतं हो. बियाण्याची कणसं, काकडीचं बी, नदीचे भोपळे, सगळं त्या वाडीत चुलीच्या धुरातच टिकतं. धूर लागला की कीड लागत नाही, साल टणक होते, भोपळा वर्षानुवर्षं पाणी धरत नाही. त्याच्या बापानं त्याला हेच शिकवलं होतं आणि ते सोळा आणे खरं होतं. भोपळ्याच्या बाबतीत. लढाईच्या आगीतून मी असा फुफाट्यात येऊन पडलो. सकाळ-संध्याकाळ खालून जाळ, वरून धूर. कातडं आवळत गेलं, काळं पडलं, वाजवलं की टणटण बोलू लागलं. आत रबर विरघळत होतं, चिकट होत होतं. कमळूबाबा रोज मान वर करून बघायचा आणि खूश व्हायचा.

"कसा पिकलाय बग," तो शेजाऱ्यांना सांगायचा. "ह्यो आता माज्या नातवालाबी पुरंल."

मी ओरडलो असतो. पण आम्हा वस्तूंना तोंड कुठे असतं? पुढच्या पावसाळ्यात हवा थोडी झिरपू लागली. लखमा दोन फुंकरी जास्त मारायचा आणि माझ्यावर भरवसा टाकून पाण्यात शिरायचा. दिवाळी आली, आणि मी पुन्हा धुरात.

१९४३ चा श्रावण. ठकीला दिवस भरले होते. आधीची दोन पोरं पाळण्यातच गेली होती, म्हणून घरानं या बाळावर जीव लावला होता. कळा सुरू होऊन दीड दिवस झाला तरी सुटका होईना. वाडीतल्या म्हातारीनं पोटावर हात फिरवला आणि बाहेर येऊन सांगितलं, "पोर आडवं हाय. माज्या हातचं काम नाय हे. जिवलीला आना, नायतर दोनी जीव जातील."

जिवली नदीपल्याडची सुईण. आडवं मूल पोटातल्या पोटात फिरवायची कला त्या भागात तिच्याच हातात होती. नदी तर दोन्ही थड्या भरून चालली होती. लखमानं मला खाली काढलं, तोंड लावून फुगवलं. नळीच्या तोंडाचं रबर त्याच्या ओठांना चिकटलं. त्यानं हातानं पुसलं. बायको आत ओरडत असताना कोण असल्या गोष्टी बघत बसतो?

जाताना मी कसाबसा टिकलो. पल्याडला निरोप ऐकताच जिवली लुगडं खोचून काठावर तयारच उभी राहिली. वयानं पन्नाशीपुढची, पण एका शब्दानंही तिनं आढेवेढे घेतले नाहीत. लखमानं मला तिच्या पोटाशी बांधलं, दोरीला घट्ट गाठ मारली.

"घाबरू नको मावशे. ह्यो बुडत नाय."

"मी नाय घाबरत. तू चल बेगीन."

मधल्या धारेत माझा जीव गेला. आवाजसुद्धा झाला नाही. उसासा टाकावा तशी हवा निघून गेली. कातड्यात पाणी भरलं आणि आधार होतो तो मी जिवलीच्या पोटाशी बांधलेला धोंडा झालो. ती खाली जाऊ लागली. ओली गाठ सुटेना. लखमानं बुडी मारली, खालून तिला खांदा दिला आणि वर रेटलं. पुन्हा बुडी, पुन्हा रेटा. ती वर आली की तो खाली. तिच्या हाताला काठच्या करंजाची मुळी लागली तेव्हाच्या त्या शेवटच्या रेट्यात त्यानं होतं नव्हतं ते सगळं बळ घातलं असावं. जिवली मुळीला लटकली, मागे वळली. मागे नुसतं गढूळ पाणी वाहत होतं.

तिनं एकदा हाक मारली. मग ती काठ चढली आणि मला तशीच कमरेला घेऊन वाडीकडे धावत सुटली.

दारात कमळूबाबा बसला होता. तिनं नुसती मान हलवली आणि ओठांवर बोट ठेवलं. म्हातारा तिथेच भिंतीला टेकला. जिवली आत गेली, गाठ कापून मला कोपऱ्यात टाकलं, हात धुतले.

"हे कुटं हायती?" ठकीनं विचारलं.

"येतोय मागनं. त्याला नको बगू, माज्याकडं बग. मी सांगीन तवाच जोर कर."

पुढे किती वेळ गेला मला कळलं नाही. मी कोपऱ्यात पाणी गाळत पडलो होतो आणि ज्या बाईचा आत्ताच जीव वाचला होता, तिचे हात दुसऱ्या बाईचा जीव वाचवत होते. अखेर मूल रडलं. मुलगी झाली होती. जिवलीनं तिला आईच्या छातीशी दिलं आणि तोंड फिरवलं. ठकीनं बाळाचा मुका घेतला, हसली, आणि मान वळवून दाराकडे बघताना तिची नजर माझ्यावर पडली. मी चपटा झालो होतो. ती बघतच राहिली. तिनं बाळाला इतकं आवळून धरलं की ते पुन्हा रडू लागलं.

लखमा दुसऱ्या दिवशी खालच्या डोहात सापडला.

बाळंतपणाच्या दिवसांत ठकी चुलीजवळ शेकत बसलेली असायची. एकदा घरात कुणी नसताना तिनं मला ओढून घेतलं, वादी सोडली आणि आतली पिशवी बाहेर काढली. चुलीकडच्या अंगाला रबर गुळासारखं वितळून कातड्याला चिकटलं होतं. वरच्या अंगाला ते चांगलं होतं. तिनं बोटाला लागलेलं काळं चिकट बघितलं, चूल बघितली, मला टांगायचा वरचा आकडा बघितला. अडाणी होती, पण बाई हुशार. तिला सगळं कळलं. अंगणात कमळूबाबा नव्या भोपळ्यातला गर काढत बसला होता. नदी उतरायला कुणाला तरी तो लागणारच होता.

"काटा लागला आसंल गो नदीत," तो बाहेरून म्हणाला, जणू तिच्या मनातलं ऐकून.

ठकीचे ओठ हलले. वाटलं, आता ही बोलणार. तिनं पिशवी परत आत कोंबली, वादी आवळली आणि म्हणाली, "व्हय मामा. काटाच."

पुढे लढाई संपली. कैदी भरलेल्या गाड्या कसाऱ्यावरून उलट्या, मुंबईकडे जाऊ लागल्या. ठकी करवंदं विकून आली की सांगायची, "ते गोरे घरला चालले. गानी म्हनत व्हते." म्हणजे तिकडे स्पर्धा पुन्हा सुरू झाली असेल का? रीगाचा संघ आला असेल का, आणि आला तर कुणाच्या नावानं? कुणीतरी नव्या कोऱ्या चेंडूला चरबी चोळत असेल. मला हे सांगणारं इथे कोण आहे!

मग एका बाजारच्या दिवशी कमळूबाबा शहापूरला गेला. सायकलवाल्याच्या दुकानापुढे चहाच्या चुलीजवळ कुणीतरी नव्या ट्यूब ठेवल्या होत्या आणि दुकानदार त्याच्यावर ओरडत होता, की रबर आगीजवळ ठेवलं की मेलंच म्हणून समज. म्हातारा घरी आला आणि शेजाऱ्याला एवढंच सांगितलं. लखमाची आठवण म्हणून परत आकड्याला टांगलेल्या माझ्याकडे त्यानं बघितलं आणि बाहेर गेला. त्या दिवसापासून तो चुलीपाशी जेवायला बसला नाही. ताट घेऊन ओट्यावर जायचा आणि अर्धं तसंच ठेवायचा. दोघं एकाच छपराखाली एकच गोष्ट लपवत राहिली आणि लहानी, ती पोर, दोघांच्या मधे खेळत मोठी झाली.

गेल्या चैत्रात कमळूबाबानं अंथरूण धरलं. शेवटी वाडी जमली, जिवलीही आली. म्हाताऱ्याचा जीव काही केल्या जाईना. त्यानं हात वर केला, माझ्याकडे बोट दाखवलं.

"ठके... त्यो... वर मीच..."

सगळे कान देऊन ऐकू लागले. ठकी पुढे झाली, त्याचं डोकं मांडीवर घेतलं.

"काय बोलू नका, मामा. काटा लागला व्हता. मी सोताच्या हातानं काढला त्यो. एवढा लांब व्हता."

तिनं सगळ्यांना बोटानं लांबी दाखवली. म्हातारा तिच्याकडे कितीतरी वेळ बघत राहिला. त्याला ते पटलं असं मला वाटत नाही. पण डोळ्यांच्या कडांतून पाणी आलं आणि त्यानं तोंड उघडलं. ठकीनं पाणी घातलं, ते त्यानं घेतलं आणि तो गेला.

दहाव्यानंतर एक शेजारीण म्हणाली, "ते काळं घाल गो नदीत. कशाला ठेवतीस डोळ्यांपुढं?" ठकीनं मला खाली काढलं. मला वाटलं, सुटलो एकदाचा. पण ती मला हातात धरून उभीच राहिली. काढून टाकलं, तर लोक विचारणार, आजच का? म्हाताऱ्यानं जाता जाता बोट कशाला दाखवलं होतं? एकाला शंका आली की वाडीला यायची आणि वाडीतून लहानीच्या कानावर जायची. तिनं माझ्यावरची धूळ पदरानं पुसली आणि मला परत चुलीवर, त्याच आकड्याला टांगलं.

आता ती दोन वेळा माझ्याखाली भाकरी थापते. मान वर करत नाही. तुम्ही कधी त्या वाटेनं आलात, पाणी प्यायला तिच्या दारात थांबलात आणि तुमची नजर वर गेली, तर माझं एवढं ऐका. पाणी प्या आणि निघा. हे काय टांगलंय, असं तिला विचारू नका. ती सांगेल, नवऱ्याचा नदीचा भोपळा, काटा लागून फुटला. लहानी जवळच असते, आणि तिच्यादेखत ठकीला ते पुन्हा एकदा सांगावं लागेल.